आईचा स्वॅब गेला कुठे, आणि फ्लूची लस पुण्यात कधी घ्यायची

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या जुलैत त्यांच्या आईंना ताप, खोकला आणि धाप लागली म्हणून ॲडमिट करावं लागलं. वय ६८, मधुमेह आहे. नाकाघशातून स्वॅब घेतला गेला. 'हा सर्व्हेलन्सचा (साथींवर पाळत ठेवण्यासाठीचा) आहे, पुढे एनआयव्हीला, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला जाईल,' असं सिस्टर म्हणाल्या. पाच दिवसांनी आई घरी आल्या, रिपोर्ट मात्र आला नाही. मागे लागल्यावर तीन आठवड्यांनी फोनवर 'इन्फ्लुएन्झा ए, एच३', म्हणजे फ्लूच्या विषाणूचा एक उपप्रकार, एवढंच कळलं. ते विचारतात : "आमच्या आईचा नमुना घेऊन जिनिव्हाचे (म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे) तक्ते भरायचे, यात आमचा काय फायदा? जगभर एवढी पाळत आहे, तर लस दर वर्षी का बदलते? आणि आईला ती पुण्यात कोणत्या महिन्यात द्यायची?"

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी श्वसनविषाणूंच्या नमुन्यांवर. तुमच्या आईंच्या स्वॅबसारखे हजारो स्वॅब हातांखालून गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तक्रारीचं. निकाल तीन आठवड्यांनी आणि तोही तुम्ही मागे लागल्यावर मिळाला, हे चूक आहे. ज्याच्या नाकात काडी घातली त्याला निकाल कळलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. स्वॅब घेताना 'याचा निकाल उशिरा येईल, उपचार त्याच्यासाठी थांबणार नाहीत' एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट गर्दीच्या वॉर्डात राहून जातं आणि घरच्यांना वाटतं, आपला माणूस प्रयोगाला वापरला. तुम्हाला तसं वाटलं यात तुमचा काही दोष नाही.

पण तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे स्वॅब एक झालेत. एक स्वॅब रुग्णासाठी असतो : आज तपासला, उद्या औषध ठरलं. दुसरा शहरासाठी असतो : या आठवड्यात पुण्यात कोणता विषाणू फिरतोय, कोणत्या वयाच्या माणसांना ॲडमिट व्हावं लागतंय, विषाणूचं रूप बदललंय का, हे बघायला. तुमच्या आईंचा स्वॅब दुसऱ्या प्रकारचा होता. तो पहिल्या प्रकारचा समजून तुम्ही वाट बघत राहिलात.

तुमच्या आईंचे उपचार या निकालावर अडले नसावेत, हेही सांगायला हवं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. साधा ताप-खोकला असेल तर अ. ताप जास्त असेल किंवा रुग्ण पासष्टीच्या पुढचा, मधुमेही, गरोदर, दमेकरी असेल तर ब. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं असलं काही असेल तर क आणि भरती. ब गटातल्या जोखमीच्या माणसांना ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करायला तपासणीची अट नाही, आणि क गटात औषध निकालाआधीच सुरू होतं. कारण हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत पडलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. बहुधा ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं सापडेल.

आता त्या स्वॅबचं पुढे काय होतं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

काडी ज्या छोट्या बाटलीत बुडवतात तिच्यात व्हीटीएम नावाचा, विषाणू टिकवून ठेवणारा गुलाबी द्रव असतो. तो गुलाबी असतो, कारण त्यात आम्लता दाखवणारा रंग घातलेला असतो. बाटली पिवळी पडली की आम्ही समजतो, आत जिवाणू वाढलेत आणि नमुना खराब झालाय. बाटली दोन ते आठ अंशांत ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवायची असते. दोन-तीन दिवसांत तपासणं जमणार नसेल तर उणे सत्तर अंशांवर गोठवायची. बाटलीबरोबर एक फॉर्म येतो : वय, लिंग, गाव, ताप कधी आला, लस घेतली होती का. माझ्या लेखी हा फॉर्म बाटलीइतकाच मोलाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या साधी आहे. ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आणि खोकला, दोन्ही गेल्या दहा दिवसांत सुरू झालेले, म्हणजे आयएलआय (फ्लूसारखा आजार). आणि तेवढ्यासाठी भरती व्हावं लागलं तर 'सारी' (गंभीर श्वसनविकार). हीच व्याख्या सगळीकडे वापरतात म्हणून पुण्याचा आकडा बँकॉकच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. फॉर्मवर 'ताप कधी आला' ही जागा रिकामी असेल, तर तो नमुना कोणत्या आठवड्यात धरायचा हेच कळत नाही. मी कितीतरी संध्याकाळी वॉर्डात फोन करून फक्त तेवढी एक तारीख विचारत बसलेय.

एक प्रसंग मनातून जात नाही. गणपतीचे दिवस होते. पुण्यात फ्लूची मोठी लाट साधारण जुलै ते सप्टेंबर असते, म्हणजे नेमकी दहीहंडी-गणपतीच्या गर्दीत. एका रुग्णालयातून तेवीस स्वॅबचा थर्मोकोलचा डबा यायचा होता. अनंत चतुर्दशीला मध्यवस्तीतले रस्ते बंद, गाडी निघालीच नाही, दुसऱ्या दिवशीही मिरवणूक संपलेली नाही. डबा तिथल्या काउंटरखाली तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उघडलं तेव्हा आइस पॅक कोमट झाले होते, डब्याच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि तीन बाटल्यांवरची नावं पुसली गेली होती. तरी आम्ही सगळे तपासले. तेवीसच्या तेवीस निगेटिव्ह. स्वॅबमध्ये माणसाच्या पेशी आल्यात का हे दाखवणारी एक अंतर्गत खूण पीसीआरमध्ये (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या तपासणीत) असते, तीसुद्धा निम्म्या नमुन्यांत धड उमटली नाही. आलेखात त्या आठवड्यात मोठा खड्डा पडला. नुसता आलेख बघणाऱ्याला वाटलं असतं, फ्लू ओसरला. प्रत्यक्षात वॉर्ड भरलेले होते. तो आठवडा आम्ही शेरा मारून बाजूला काढला, पण त्या तेवीस माणसांच्या नाकात काडी घालून आपण त्यातून काहीच मिळवलं नाही, ही खंत राहिली. तेव्हापासून विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत डबा निघालाच पाहिजे, असा नियम आम्ही केला. वॉर्डातल्या मावशीसुद्धा आता आठवण करतात.

आकड्यांबद्दल आणखी एक. 'पुण्यात फ्लूचे रुग्ण पाचपट' अशी बातमी दर पावसाळ्यात येते. समजा, एका आठवड्यात ४० स्वॅब तपासले आणि ४ पॉझिटिव्ह आले. पुढच्या आठवड्यात भीतीने लोक आले, २०० तपासले, २० आले. रुग्ण पाचपट झाले, पण प्रमाण दोन्ही वेळा दहा टक्केच. म्हणून आम्ही रुग्णांच्या संख्येपेक्षा शेकडा प्रमाण बघतो. हे प्रमाण विश्वासाचं हवं असेल तर लाट नसताना, एप्रिलच्या कोरड्या आठवड्यातही, तितक्याच नेमाने स्वॅब घ्यावे लागतात. 'आत्ता कुठे फ्लू आहे, कशाला किट वाया घालवता?' हे मी वरिष्ठांकडूनही ऐकलंय. पण शांत आठवड्यांतले ते निगेटिव्ह स्वॅब नसतील तर लाट नेमकी कधी सुरू झाली, हे सांगता येत नाही. पुण्यात तपासणाऱ्या प्रयोगशाळा जास्त आहेत, म्हणून पुण्याचं नाव बातमीत आधी येतं. शेजारच्या जिल्ह्यात आजार कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. आणि हो, वर्तमानपत्रं अजून 'स्वाइन फ्लू' लिहितात, पण २००९ चा तो एच१एन१ आता नेहमीचा हंगामी फ्लू झालाय. तो आज माणसाकडून माणसाला होतो, डुकरांकडून नाही.

इथवरचा भाग पुण्याचा. जिनिव्हाचा संबंध यापुढे येतो.

पॉझिटिव्ह नमुन्यांतले काही निवडक नमुने राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्राकडे जातात. आपली एनआयव्ही हे असं एक केंद्र आहे. सव्वाशेहून जास्त देशांत मिळून अशी दीडशेच्या आसपास केंद्रं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या या जाळ्याची सुरुवात १९५२ ची. आपल्या एनआयव्हीची सुरुवातही त्याच वर्षी 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून झाली, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने, जरी तेव्हा तिचं मुख्य लक्ष डास-गोचिडांतून येणाऱ्या विषाणूंवर होतं. केंद्रात विषाणू पेशींवर वाढवतात, त्याची जनुकीय क्रमवारी वाचतात. त्यातले काही विषाणू अटलांटा, लंडन, मेलबर्न, टोकियो, बीजिंग इथल्या सहयोगी केंद्रांपैकी एखाद्याकडे पोहोचतात. तिथे फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवाशी त्यांची गाठ घालतात. सध्याच्या लशीतल्या विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) या नव्या विषाणूला अजून ओळखतात का, हे त्यातून कळतं. ओळख पुसट व्हायला लागली की लस बदलायची वेळ आली.

लस दर वर्षी का बदलते, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. १९४७ साली हे पहिल्यांदा ठसठशीत कळलं : विषाणू इतका सरकला होता की त्या वेळची लस निकामी ठरली. त्यानंतर हे जाळं विणायला सुरुवात झाली. आता वर्षातून दोनदा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक होते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्याच्या लशीत काय असावं ते ठरतं आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या हंगामाचं. एवढं आधी ठरवावं लागतं, कारण लस बनवायला सहा महिने लागतात. या सहा महिन्यांत विषाणू पुन्हा सरकू शकतो, आणि एखाद्या वर्षी लस कमी पडते ती बहुतेक वेळा याचमुळे. विशेषतः एच३एन२ वेगाने रूप बदलतो आणि वयस्कर माणसांना जास्त त्रास देतो. तुमच्या आईंच्या निकालातला 'एच३' तो हाच.

लशीत येऊन गेलेल्या विषाणूंची नावं वाचा : ए/डार्विन/९/२०२१, बी/फुकेत/३०७३/२०१३. प्रकार, गाव, नमुन्याचा क्रमांक, वर्ष. म्हणजे २०१३ साली फुकेतमध्ये कुणा एकाच्या घशातून निघालेला विषाणू पुढे कित्येक वर्षं पुण्यातल्या लोकांना टोचलेल्या लशीत होता. त्या माणसालाही कदाचित रिपोर्ट उशिराच मिळाला असेल. आणि हा फुकेतचा विषाणू ज्या बी/यामागाता घराण्यातला, ते घराणं मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेलं नाही. जगभरच्या केंद्रांनी वर्षानुवर्षं शोधूनही मिळालं नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तज्ज्ञांनी ते लशीतून वगळायला सांगितलं. एखादी गोष्ट 'नाही' हे म्हणायलासुद्धा किती निगेटिव्ह स्वॅब लागतात बघा.

'नमुने आमचे, लस त्यांची' हा तुमच्या प्रश्नामागचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियाने नेमकं हेच म्हणून बर्ड फ्लूचे नमुने पाठवणं थांबवलं होतं. त्यावर चार वर्षं वाटाघाटी झाल्या आणि मे २०११ मध्ये एक चौकट मान्य झाली : साथ पसरवू शकेल अशा फ्लूचे विषाणू देशांनी द्यायचे, आणि त्याच्या बदल्यात लस-औषधांतला वाटा व कंपन्यांचा निधी जगाला मिळायचा. ही चौकट हंगामी फ्लूला लागू नाही, म्हणजे तुमच्या आईंच्या एच३ ला नाही. मला स्वतःला हे अपुरं वाटतं. पण देवाणघेवाण दोन्हीकडून होते हेही खरं. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत आणि मेक्सिकोत सापडलेल्या विषाणूविरुद्ध आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० च्या पावसाळ्यात नाकात फवारायची लस आणली. तिकडच्या कुणी विषाणू दिला नसता तर ती झाली नसती.

त्या एप्रिलची गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. कॅलिफोर्नियात दोन मुलांना साधा फ्लू झाला होता. दहा वर्षांच्या मुलाचा स्वॅब एका नव्या तपासणी यंत्राच्या अभ्यासातला होता, नऊ वर्षांच्या मुलीचा सर्व्हेलन्स करणाऱ्या दवाखान्यातला. दोन्ही मुलं बरी झाली. यंत्र एवढंच म्हणत होतं : इन्फ्लुएन्झा ए आहे, पण उपप्रकार लागत नाही. कुणीतरी तो 'लागत नाही' सोडून दिला नाही, पुढे पाठवला, आणि नवा विषाणू सापडला. ११ जूनला जागतिक साथ जाहीर झाली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेलं शहर, बंद शाळा हे तुम्हालाही आठवत असेल. आम्ही त्या महिन्यात घरी फक्त झोपायला जात होतो.

आपल्या राज्यातलंच आणखी एक उदाहरण मेळघाटचं. २०१९ साली तिथल्या सतरा महिन्यांच्या एका कोरकू बाळाला ताप आणि खोकला आला. तिथे लहान मुलांमधल्या आरएसव्ही या श्वसनविषाणूचा अभ्यास चालू होता, म्हणून स्वॅब घेतला गेला. आरएसव्ही मिळाला नाही. मिळाला एच९एन२, म्हणजे पक्ष्यांमधला फ्लू. भारतात माणसात सापडलेला तो पहिलाच, आणि त्याची ओळख पुण्यात पटली. बाळ बरं झालं. तो अभ्यास नसता तर 'बाळाला सर्दी झाली होती' यापलीकडे कुणालाच काही कळलं नसतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे असा नवा फ्लू माणसात सापडला की देशाने २४ तासांत कळवायचं असतं. ते २४ तास सुरू होतात ते मेळघाटातल्या किंवा सिंहगड रस्त्यावरच्या एका काडीपासून.

म्हणून तुमच्या आईंच्या स्वॅबचा फायदा आईंना त्या आठवड्यात झाला नाही, हे मी मान्य करते. पण त्यांना पुढच्या वर्षी जी लस मिळेल, ती अशाच स्वॅबांवर ठरते.

आता महिना. उत्तर कुठे राहता त्यावर आहे. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात चढतो, आपल्याकडे पावसाळ्यात, आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास पुण्यात दुसरी, बहुधा लहान लाट येते. लस घेतल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि संरक्षण काही महिन्यांनी ओसरू लागतं. म्हणून पुण्यातल्या माणसाने ती एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यावी असं मी सांगते. पुणं उत्तर गोलार्धात असलं तरी त्या वेळी बाजारात आलेली ताजी लस दक्षिण गोलार्धाच्या सूत्राची असते आणि आपल्या पावसाळ्याला तीच जुळते. खोक्यावर वर्ष आणि 'एसएच' (दक्षिण गोलार्ध) किंवा 'एनएच' (उत्तर गोलार्ध) छापलेलं असतं, ते टोचायच्या आधी बघून घ्या. मागच्या हंगामाचं उरलेलं खोकं घेऊ नका. पावसाळ्यात राहूनच गेली तर ऑगस्टमध्येही घेतलेली बरी, 'आता काय उपयोग' म्हणून सोडू नका. ऑक्टोबर उजाडला तर मात्र नव्या उत्तर गोलार्धाच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, कारण तेव्हा आईंची साखर, किडनी आणि मागच्या डोसची तारीख हे सगळं बघावं लागेल.

६८ व्या वर्षी ही लस फ्लू पूर्ण अडवत नाही. कधी चांगली चालते, कधी मध्यम. पण आयसीयूत जायची वेळ ती कमी करते, आणि मधुमेही माणसाला तेवढं पुरेसं कारण आहे. ही लस सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत नाही, त्यामुळे बहुतेकांचा खर्च खिशातून होतो, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांचा विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि पुन्हा कधी घरात कुणाचा असा स्वॅब घेतला गेला, तर दोन गोष्टी करा. फॉर्मवर ताप आल्याची खरी तारीख आणि लस घेतल्याचा महिना लिहिलाय का, ते स्वतः वाचून बघा. आणि निकाल कुणाकडून, साधारण किती दिवसांत मिळेल, हे सिस्टरांना तिथेच विचारून त्यांच्या प्रयोगशाळेचा नंबर केस पेपरच्या मागे लिहून घ्या. आठवड्याने तिथे फोन केलात, तर तो उचलणारं माझ्यासारखंच कुणीतरी असेल.